विहिरीतून वर आलेला साक्षीदार

(रेणापूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा छापील मजकूर)

रेणापुरातून लातूर गाठायचं आणि बार्शीचा रस्ता धरायचा. मुरूड मागे पडलं की थोड्या वेळात ढोकी येते. जून २०२३ मध्ये या ढोकीच्या पोलिसांनी वाखरवाडी आणि खामसवाडी या दोन गावांच्या शिवारांतून अकरा मजूर सोडवले. मजूर विहिरी खोदत होते. दिवसाचे बारा-चौदा तास खाली खडकात काम, आणि रात्री वर आल्यावर पळून जाऊ नयेत म्हणून पायात साखळी. कुलूप घालून. उन्हाळ्यात मराठवाड्यात विहिरींची कामं निघतात, बाहेरगावचे मजूर येतात, बांधावर पाल ठोकून राहतात, हे कुणाला नवं नाही. त्या पालातल्या माणसाच्या पायात काय आहे, हे जाणाऱ्या-येणाऱ्याच्या नजरेला पडलं नव्हतं.

ही गोष्ट बाहेर आली ती एका मजुरामुळे. तो कसाबसा निसटला, हिंगोली जिल्ह्यातल्या आपल्या गावी पोहोचला आणि त्याने पोलिसांत सांगितलं. तिथून निरोप ढोकीला आला आणि बाकीचे सुटले.

त्या मजुराने गप्प बसायचं ठरवलं असतं तर? तो सुटलेलाच होता. त्याच्यापुरता प्रश्न मिटला होता. तोंड उघडल्यावर मात्र तो पळून आलेला मजूर उरला नाही, साक्षीदार झाला. आता जबाब द्यायचा, ओळख पटवायची, तारखांना जायचं, आणि ज्यांच्या विरोधात बोलायचं त्यांच्याच मुलखात पुन्हा उभं राहायचं. तारखेच्या दिवशीची मजुरी बुडते ती वेगळीच. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या सांगत आला. ही म्हण भित्र्या माणसांनी रचलेली नाही, हिशेब येणाऱ्यांनी रचली आहे.

जो अन्याय सोसतो आणि वर त्याबद्दल बोलतो, त्याला सरकार काय देणं लागतं? आजचा विषय एवढाच आहे. याचं एक उत्तर सातासमुद्रापलीकडे सापडतं, व्हिसाच्या रूपात. व्हिसाचा विषय रेणापुरात कशाला, असं काहींना वाटेल. थोडा धीर धरावा. शेवटी बोलणं उसाच्या फडातच येणार आहे.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात एल माँटे नावाचं गाव आहे. २ ऑगस्ट १९९५ रोजी तिथल्या एका दुमजली चाळवजा इमारतीवर छापा पडला. आत थायलंडचे ७२ कामगार सापडले, बहुतेक बायका. भोवती काटेरी तारा, दारावर राखण, आणि आत रात्रंदिवस शिलाई. शिवलेले कपडे अमेरिकेतल्या नावाजलेल्या दुकानांत विकले जात होते. सुटका झाली, आणि सुटलेल्यांची रवानगी झाली ती थेट परदेशी नागरिकांना ठेवण्याच्या कोठडीत. कारण त्यांच्याकडे रीतसर कागद नव्हते. एका तारेच्या कुंपणातून काढून दुसऱ्यात. आठवड्याहून अधिक काळ ते तिथे राहिले. त्यांच्या बाजूने वकील आणि कार्यकर्ते उभे राहिले तेव्हा कुठे बाहेर आले.

आता सरकारी वकिलापुढे पेच होता. गुन्हेगारांवर खटला चालवायचा तर साक्षीदार हवेत, आणि साक्षीदारांना तर देशाबाहेर काढायचं आहे. त्यावर तोडगा निघाला तो ‘एस’ नावाच्या व्हिसाचा. हा व्हिसा १९९४ च्या कायद्याने आला होता, आणि खरं तर होता तो खबऱ्यांसाठी: टोळीतला कुणी फुटला, त्याने माहिती दिली, तर त्याला देशात राहू द्यायचं. कोटा तेव्हा वर्षाला अवघा १००, आणि दहशतवादाची खबर देणाऱ्यांसाठी आणखी २५. शिलाईयंत्रावर जखडलेल्या बायकांना कायद्याने खबऱ्याच्या रांगेत उभं केलं, कारण पीडित माणसासाठी दुसरी रांगच नव्हती.

ती रांग २००० साली तयार झाली. त्या वर्षी २८ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी मानवी तस्करी आणि हिंसाचाराच्या बळींना संरक्षण देणाऱ्या कायद्यावर सही केली आणि दोन नवे व्हिसा जन्मले: ‘टी’ आणि ‘यू’. टी व्हिसा तस्करीच्या बळींसाठी, वर्षाला ५,००० पर्यंत. यू व्हिसा अमेरिकेत घडलेल्या ठरावीक गंभीर गुन्ह्यांच्या बळींसाठी, वर्षाला १०,०००. गुन्ह्यांच्या यादीत बलात्कार, घरगुती हिंसाचार, अपहरण, खंडणी, खून, गंभीर हल्ला, साक्षीदारावर दबाव असे प्रकार आहेत. परदेशी मजुराला नोकरीच्या करारात फसवणं २०१३ साली त्यात आलं. कुटुंबातल्या जवळच्या माणसांनाही सोबत आणता येतं. यू व्हिसा चार वर्षांचा. तीन वर्षांनी कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो.

मुख्य अट: तपासाला मदत करायची. यू व्हिसासाठी पोलीस, सरकारी वकील, न्यायाधीश किंवा मजूर खात्यासारख्या यंत्रणेने सही करून द्यावी लागते की या माणसाने मदत केली आहे, करतो आहे किंवा करण्याची शक्यता आहे. ती सही सहा महिन्यांच्या आतली लागते. टी व्हिसाला अशी सही सक्तीची नाही, आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना मदतीची अटच नाही. आघाताने जो बोलूच शकत नाही, त्यालाही सूट मिळू शकते.

यातली एक गोष्ट ऐकणाऱ्याच्या कानावरून सहज निसटते, म्हणून ती थांबून सांगायला हवी. आरोपीला शिक्षा व्हायलाच हवी, अशी अट यात कुठेही नाही. खटला उभा राहिलाच पाहिजे, असंही नाही. आरोपी फरार झाला, पुरावा कमी पडला, सरकारी वकिलाने खटला लढवायचा नाही असं ठरवलं, तरी पीडिताचा हक्क उरतो. पीडिताने आपलं काम केलं की नाही, एवढंच पाहायचं. पोलिसांचं आणि कोर्टाचं काम कसं झालं, याचा भुर्दंड त्याच्यावर नाही. या मुद्द्याकडे पुन्हा यायचं आहे.

कायदा झाला म्हणजे काम झालं, असा समज अमेरिकेतही करून घेऊ नये. यू व्हिसाचे नियम निघायला २००७ चा सप्टेंबर उजाडला. सात वर्षं! सरकारी टेबलावर फाईल पडून राहण्याची कला आपलीच मिरास आहे, असा अभिमान बाळगणाऱ्यांची इथे निराशा होईल. नियम निघाल्यावर अर्जांचा पूर आला. २०१० पासून १०,००० चा कोटा वर्षामागून वर्ष संपत गेला आणि प्रलंबित अर्जांची संख्या लाखांत गेली. २०२१ साली मधला मार्ग निघाला: प्रथमदर्शनी खऱ्या वाटणाऱ्या अर्जदाराला रांगेत असतानाच कामाचा परवाना द्यायचा.

आता मुंबईमार्गे गेलेल्या माणसांची हकीकत. २००५ च्या ऑगस्टमध्ये कॅटरिना वादळाने अमेरिकेचा दक्षिण किनारा झोडपला. समुद्रातल्या तेलविहिरींच्या फलाटांची दुरुस्ती करणाऱ्या सिग्नल इंटरनॅशनल या कंपनीला वेल्डर आणि पाइपफिटर हवे होते. मुंबईतल्या एका भरती सल्लागारामार्फत सुमारे ५०० भारतीय निवडले गेले. ग्रीन कार्ड मिळेल, बायकापोरं नेता येतील, असं सांगितलं गेलं. त्यासाठी एकेकाने दहा ते वीस हजार डॉलर मोजले. कुणी जमीन विकली, कुणी बायकोचे दागिने मोडले, कुणी सावकाराकडून व्याजाने काढले. हातात पडला तो काही महिन्यांचा, एकाच मालकाला बांधलेला तात्पुरता कामाचा व्हिसा. मिसिसिपी राज्यातल्या पास्कागूला इथे कुंपणाआड छावणी होती. एकेका खोलीत चोवीस माणसं, आणि राहण्या-जेवणापोटी पगारातून महिन्याला १,०५० डॉलर कापून घ्यायचे.

उचल घेऊन फडावर गेलेल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटणार नाही. घरून निघतानाच कर्ज अंगावर, मालक बदलायची सोय नाही, आणि परत जावं तर सावकार दारात. फरक एवढाच की इथे पाल आहे आणि तिथे पत्र्याची खोली होती.

मार्च २००७ मध्ये काही कामगारांनी एकत्र येऊन बोलायला सुरुवात केली. एका पहाटे कंपनीचे पहारेकरी छावणीत शिरले आणि पुढे होऊन बोलणाऱ्यांना पकडून परत धाडायची तयारी झाली. एका कामगाराने मनगटाची शीर कापून घेतली. तो वाचला. वर्षभराने, मार्च २००८ मध्ये, शंभरच्या आसपास कामगार गोदीतून बाहेर पडले आणि त्यांनी डोक्यावरची शिरस्त्राणं फाटकासमोर फेकली. मग न्यू ऑर्लिन्सहून राजधानी वॉशिंग्टनकडे त्यांची यात्रा निघाली. त्यांनीच तिला सत्याग्रह म्हटलं. राजधानीत पोहोचल्यावर उपोषण झालं. त्यांचे संघटक साकेत सोनी यांनी पुढे या सगळ्यावर ‘द ग्रेट एस्केप’ हे पुस्तक लिहिलं. ते २०२३ साली आलं.

या कामगारांची मागणी होती तस्करीचे बळी म्हणून दखल घेण्याची. पण ज्या खात्याने ते बळी आहेत की नाहीत हे पाहायचं, त्याच खात्याच्या दुसऱ्या खोलीत त्यांना हाकलायचं कसं यावर खल चालला होता. कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या शपथेवरच्या जबान्यांतून २०१० साली बाहेर आलं की गडबड करणाऱ्या कामगारांना परत कसं पाठवायचं, याचा सल्ला स्थलांतर खात्याच्या माणसांनीच दिला होता. तरीही पुढे टी व्हिसा मिळाले, बायकामुलं आली. कंपनीवर निकाल लागला तो दिवाणी दाव्यात: फेब्रुवारी २०१५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ज्युरीने पाच कामगारांना मिळून सुमारे १.४ कोटी डॉलर देण्याचा कौल दिला. त्याच वर्षी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, उरलेल्या दाव्यांपोटी २ कोटी डॉलरची तडजोड झाली आणि कंपनीने माफी मागितली. कामगारांचे टी व्हिसा मात्र या निकालाची वाट पाहत थांबले नव्हते. थांबले असते, तर साक्ष द्यायला तिथे उरलं कोण असतं?

सिग्नलचं नाव महाराष्ट्रात फारसं कुणाला ठाऊक नाही. टी व्हिसा मात्र एकदा प्रत्येक मराठी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आला होता, डिसेंबर २०१३ मध्ये. तेव्हा त्याचं नाव क्वचितच कुणी घेतलं.

न्यूयॉर्कमधल्या भारतीय उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना १२ डिसेंबर २०१३ रोजी अटक झाली. महाराष्ट्रातल्या ज्येष्ठ सनदी अधिकाऱ्याची ही मुलगी, स्वतः परराष्ट्र सेवेत. आरोप असा की घरकामासाठी दिल्लीहून नेलेल्या बाईच्या व्हिसा अर्जात एक पगार दाखवला आणि प्रत्यक्षात ठरवला दुसरा, महिना ३० हजार रुपये, जो न्यूयॉर्कच्या किमान वेतनाच्या कितीतरी खाली जातो. खोब्रागडे यांनी आरोप नाकारले. अटकेनंतर त्यांची कपडे उतरवून झडती घेतली गेली आणि देश पेटून उठला. दिल्लीतल्या अमेरिकी दूतावासासमोरचे अडथळे बुलडोझरने हटवले गेले, अमेरिकी अधिकाऱ्यांची ओळखपत्रं परत मागवली गेली, मुंबईत एका अमेरिकी पिझ्झाच्या दुकानाची तोडफोडही झाली. पिझ्झाचा या प्रकरणाशी काय संबंध, हे तोडणाऱ्यांनी सांगितलं नाही.

या गदारोळात एक तारीख मागे पडली. अटकेच्या दोन दिवस आधी, १० डिसेंबरला, त्या घरकामगार बाईचा नवरा आणि मुलं दिल्लीहून विमानाने अमेरिकेला गेली होती. त्यांच्या पासपोर्टवर टी व्हिसाचा शिक्का होता. बाईने जूनमध्ये घर सोडलं होतं. मधल्या काळात दिल्लीत तिच्याविरुद्ध कारवाई सुरू झाली होती: सप्टेंबरमध्ये उच्च न्यायालयाचा मनाई आदेश, नोव्हेंबरमध्ये अटक वॉरंट. अमेरिकेचे सरकारी वकील प्रीत भरारा, तेही जन्माने भारतीय, यांचं म्हणणं होतं की साक्षीदाराच्या कुटुंबावर दबाव आणला जात होता, म्हणून त्याला बाहेर काढावं लागलं. भारताचं म्हणणं होतं की भारतीय न्यायालयासमोर प्रकरण असताना त्यातल्या पक्षाच्या घरच्यांना परदेशी सरकारने उचलून न्यावं, हा न्यायव्यवस्थेचा अपमान आहे. शिवाय, तक्रार केल्याबरोबर अख्ख्या कुटुंबाला अमेरिका मिळत असेल, तर तक्रार कोण करणार नाही?

दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे, आणि कुणाचं किती हे न्यायालयात कधी ठरलंच नाही. जानेवारी २०१४ मध्ये खोब्रागडे यांना पूर्ण राजनैतिक संरक्षण मिळालं आणि त्या भारतात परतल्या. १२ मार्चला न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी त्या संरक्षणाच्याच मुद्द्यावर आरोपपत्र रद्द केलं. दोन दिवसांत नवं दाखल झालं आणि तिथेच राहिलं. खोब्रागडे पुढे २०२० मध्ये कंबोडियात भारताच्या राजदूत झाल्या.

आपल्या चर्चेत मात्र एक मोठी फट राहिली. घराघरांत दूताच्या अपमानावर बोललं गेलं, आणि ते बोलणं रास्तही होतं. पण साक्षीदाराच्या घरच्यांना सुरक्षित ठेवण्याची भारताची स्वतःची काय सोय आहे, हा प्रश्न कुणी विचारला नाही. दुसऱ्याने केलेली सोय आपल्याला टोचली. आपल्याकडे तशी सोय नव्हती हे टोचलं नाही.

मराठी कुटुंबांना या व्हिसांचा जवळचा संबंध आणखी एका बाजूने येतो. पुण्या-लातूरची मुलगी, नवरा सॉफ्टवेअरमध्ये, तो एच-१बी वर आणि ती त्याच्यावर अवलंबून असलेल्या एच-४ वर. तिचं तिथलं राहणं नवऱ्याच्या नोकरीला बांधलेलं. नवरा हात उगारतो तेव्हा पोलिसांना फोन करायचा की नाही, हे ठरवताना तिच्या मनात पहिला विचार येतो तो व्हिसाचा. त्याला अटक झाली, नोकरी गेली, तर तीही जाणार. अमेरिकन नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोला छळाच्या आधारावर स्वतः अर्ज करता येतो. एच-४ वालीला ती वाट बंद, तिच्यासाठी उरतो यू व्हिसा. अशा बायकांसाठी न्यू जर्सीत १९८५ साली ‘मानवी’ ही संस्था उभी राहिली. दक्षिण आशियाई स्त्रियांसाठीची अमेरिकेतली ती पहिली संस्था मानली जाते. छळ सोसणाऱ्या एच-४ बायकांना कामाचा परवाना द्यावा, असं अमेरिकी संसदेने २००५ मध्ये ठरवलं. तो मागण्याचा अर्ज प्रत्यक्षात उपलब्ध व्हायला दहा वर्षांहून अधिक काळ गेला.

नवरा वाईटच असायला हवा असंही नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्सस राज्यातल्या ओलेथ इथे श्रीनिवास कुचिभोतला या हैदराबादच्या अभियंत्याला एका माथेफिरूने वंशद्वेषातून गोळ्या घातल्या. त्याच्या पत्नीचा तिथला मुक्काम त्याच्या व्हिसावर होता. नवऱ्याबरोबर तिचा राहण्याचा हक्कही गेला, आणि तिथल्या एका खासदाराने खटपट केली तेव्हा तिला तात्पुरता आधार मिळाला.

जिथे सोय असते तिथे सोयीचा धंदाही सुरू होतो. २०२३ पासून अमेरिकेत एक अजब प्रकार उघडकीला आला. पेट्रोल पंपाजवळच्या आणि दारूच्या दुकानांत दरोडे पडत होते, आणि दुकानदार व दरोडेखोर दोघंही आपलेच देशबांधव. दरोडेखोराने पिस्तुलासारखं काही दाखवायचं, गल्ल्यातले पैसे घ्यायचे, कॅमेऱ्यात नीट दिसेल असं पळायचं. नोकराने पाचेक मिनिटं थांबायचं आणि मग पोलिसांना फोन करायचा. एवढं झालं की नोकर गंभीर गुन्ह्याचा बळी आणि तपासाला मदत करणारा साक्षीदार, यू व्हिसाच्या दोन्ही मुख्य अटी पुऱ्या. एकाने या नाटकात बळीची भूमिका मिळावी म्हणून २० हजार डॉलर दिल्याचं तपासात निघालं. किमान अठरा बनावट दरोडे घडवून आणणाऱ्या सूत्रधाराला ऑगस्ट २०२५ मध्ये वीस महिन्यांची शिक्षा झाली. त्याच वर्षी लुइझियाना राज्यात काही पोलीस प्रमुखांवरच आरोपपत्र आलं: न झालेल्या दरोड्यांचे अहवाल लिहून, दर नावामागे ५,००० डॉलर घेऊन सह्या केल्याचा आरोप. गुन्हा घडलाच नाही, तरी बळी तयार, फिर्याद तयार, सहीही तयार. आपल्याकडे दुष्काळी अनुदानाच्या याद्या पाहिलेल्या माणसाला हे फार चमत्कारिक वाटू नये.

या खोट्या दरोड्यांचा दंड कोण भरतं? रांगेत उभी असलेली खरी माणसं. आरोपीचा वकील उभा राहतो आणि मार खाल्लेल्या बाईला पहिला प्रश्न विचारतो: व्हिसासाठी तर बोलत नाही ना? २०२५ च्या सुरुवातीपासून तर वाराच फिरला. पीडितांच्या बाबतीत सबुरीने वागण्याचा २०२१ चा निर्देश तिथल्या स्थलांतर खात्याने जानेवारीत मागे घेतला. ५ फेब्रुवारीला अमृतसरला उतरलेल्या लष्करी विमानात हातापायांत बेड्या घातलेले १०४ भारतीय होते, त्यांत महाराष्ट्राचे तिघे.

आता घरी यायचं.

साक्षीदारासाठी महाराष्ट्राने काय केलं, याची गोष्ट बहुधा ‘फितूर’ या शब्दाशी येऊन थांबते. जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात २८ एप्रिल २०१४ रोजी नितीन आगे या दलित शाळकरी मुलाची हत्या झाली. भर दिवसा, गावाच्या डोळ्यांदेखत. नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी सुटले, कारण साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. ‘फितूर’ हा शब्द इतिहासात किल्ला शत्रूच्या हवाली करणाऱ्यासाठी वापरला गेला. ज्याला त्याच गावात रोज पाणी भरायचं आहे आणि दळण दळायचं आहे, त्या मजुरालाही आपण तोच शब्द लावतो. गुजरात दंगलीतल्या बेस्ट बेकरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये खटला महाराष्ट्रात हलवला, कारण तिथे साक्षीदार मोकळेपणाने बोलू शकत नव्हते. जिच्यामुळे हे घडलं ती तरुण साक्षीदार पुन्हा उलटली, आणि मार्च २००६ मध्ये न्यायालयाच्या अवमानाबद्दल तिलाच वर्षभराची कैद झाली.

खैरलांजीचे भैयालाल भोतमांगे उलटले नाहीत. २९ सप्टेंबर २००६ च्या हत्याकांडात बायको, मुलगी आणि दोन मुलगे गमावलेल्या या माणसाने साक्ष दिली. गाव सुटलं, पुढची वर्षं भंडाऱ्यात पोलिसांच्या पहाऱ्यात गेली. जानेवारी २०१७ मध्ये ते वारले. सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल आला तो २०१९ मध्ये.

कागदावर गोष्टी पुढे सरकल्या आहेत, हेही सांगायला हवं. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१६ पासून पीडित आणि साक्षीदारांच्या हक्कांचं स्वतंत्र कलम आहे. प्रवासखर्च, संरक्षण आणि दुसरीकडे पुनर्वसन त्यात येतं. आसाराम प्रकरणातल्या एका साक्षीदाराच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. धोका किती आहे ते पाहून तीन वर्ग, जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज, गरज पडली तर नवी ओळख आणि दुसरं गाव. मात्र संरक्षण एका वेळी तीन महिन्यांसाठी. परराष्ट्रातून फसवून आणलेल्या मुलींवर परकीय नागरिक म्हणून खटला भरू नये, असं केंद्रीय गृह मंत्रालयाने १ मे २०१२ ला राज्यांना कळवलं. मुंबई-पुण्यातून सोडवलेल्या बांगलादेशी मुलींच्या दृष्टीने तो कागद मोठाच होता. त्यात अडचण ती एल माँटेचीच: खटला नसला तरी त्या निवारागृहात महिनोन्‌महिने अडकतात, आणि आई-बापांपासून दूर राहणं हीच त्यांच्या साक्षीची किंमत होते.

ढोकीच्या विहिरीतल्या मजुराच्या वाट्याला येतो तो वेठबिगारीचा कायदा, १९७६ चा. त्यानुसार उचलीपोटी बांधलेला माणूस मुक्त, आणि ती उचल रद्द. गुन्ह्याला जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा आणि २,००० रुपये दंड. दंडाचा आकडा पन्नास वर्षांत बदललेला नाही, आणि गुन्हा जामीनपात्र आहे. जिल्हाधिकारी किंवा प्रांत मुक्तता प्रमाणपत्र देतात. त्या प्रमाणपत्राच्या जोरावर केंद्राच्या २०१६ च्या योजनेनुसार पुनर्वसनाची रक्कम मिळते: पुरुषाला एक लाख, बाईला आणि मुलाला दोन लाख, लैंगिक शोषण किंवा तस्करीसारख्या अति गंभीर प्रकारात तीन लाख.

आकडे बरे आहेत. पण योजनेतली पुढची ओळ वाचायला हवी. रकमेचा मोठा भाग आरोपीला शिक्षा होण्याशी जोडलेला आहे. सुटकेनंतर लगेच हातात पडायची ती फक्त तातडीची मदत: आधी २० हजार, २०२२ पासून ३० हजारांपर्यंत. गुन्हा प्रथमदर्शनी सिद्ध वाटला तर खटला अपुरा आहे म्हणून प्रस्ताव अडवू नये, असंही त्यात म्हटलं आहे. पण शेवटचा हप्ता न्यायालयाच्या वाटेनेच येतो. अमेरिकेचा यू व्हिसा म्हणतो, तू बोललास ना, मग झालं. आपली योजना म्हणते, तू बोललास, आता आरोपीला शिक्षा होऊ दे. सरकारी वकील ढिला पडला, साक्षीदार फुटले, पंच सापडले नाहीत, तर तोटा मजुराचा. ज्याच्या हाती तपास नाही, त्याच्या माथी तपासाचं अपयश.

अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या नियमांत मदत टप्प्याटप्प्याने मिळते: काही गुन्हा नोंदवल्यावर, काही दोषारोपपत्र गेल्यावर, उरलेली खटल्याच्या शेवटी. म्हणजे शिक्षेआधी पैसे देण्याची पद्धत आपल्या सरकारला ठाऊक आहे. वेठबिगाराला ती का लावायची नाही?

त्यावर एक उत्तर लगेच येतं: पैसे दिले तर खोट्या तक्रारी येतील. हे उत्तर झटकून टाकण्यासारखं नाही. बनावट दरोड्यांची गोष्ट त्यासाठीच सांगितली. ऊसतोडीतही मुकादम सांगतात की एकच जोडी दोन ठिकाणी उचल घेते आणि हंगामाच्या आधी गायब होते. ते अगदीच खोटं नाही. पण खोटं बोलणाऱ्याला पकडायला शिक्षेपर्यंत थांबावं लागत नाही. अमेरिकेत ते नाटक पकडलं ते तपास करणाऱ्यांनीच. इथे तपासायला पायातली साखळी आहे, तिचं कुलूप आहे, उचलीची चिठ्ठी आहे, मुकादमाची वही आहे.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला रेणापूर तालुक्यातूनही कोयते निघतील. नवरा-बायको मिळून एक कोयता. जोडीची उचल आता लाखाच्या घरात जाते, आणि हिशेबाला बसल्यावर अंगावर बाकी निघाली की ती पुढच्या हंगामाला लागते. कोणी वाटेत आजारी पडलं, कोणी बाळंतपणाला परत आली, कोणी फड सोडून पळालं. पळालेल्याच्या घरी मुकादमाची गाडी येते. अशा माणसाने प्रांत कचेरीत जाऊन मुक्तता प्रमाणपत्र मागितलं, तर कारकून त्याला पहिल्यांदा विचारतो: कागद काय आहे तुझ्याकडे? १९७६ च्या कायद्याचं पंधरावं कलम याच्या उलट सांगतं. मजुराने दावा केला की कर्ज वेठबिगारीचं आहे, तर तसं नाही हे सिद्ध करण्याचा भार कर्ज देणाऱ्यावर आहे. कागद मागायचाच असेल तर तो मुकादमाकडे मागायचा.